पाकिटासकट

मंगळवार, ४ मार्च, संध्याकाळ

ताई,

नमस्कार, तब्येत, हवापाणी सगळं नंतर. खारूला पोलिसांनी नेलं.

आज दुपारी अडीचला, वाचनालयातून, कामावरून. मी आठवीच्या वर्गावर नागरिकशास्त्र शिकवत होतो. वाचनालयाचा शिपाई धापा टाकत दारात आला नि म्हणाला, "सर, तुमच्या पोरीला गाडीत घातलं." मी खडू हातात घेऊनच ठाण्यावर गेलो. दोन तास बाकावर बसवलं आणि मग म्हणे उद्या या.

तिने काय केलं ते ऐक. निवडणुका पुढे ढकलणार अशी कुणकुण चार दिवस गावभर आहे. तर आपल्या दीडशहाणीने घटनेचं एकोणचाळिसावं कलम मोठ्या अक्षरांत लिहून वाचनालयाच्या फलकावर लावलं. "दर पाच वर्षांनी निवडणूक होईल व ती टाळण्याचा अधिकार कोणासही नाही." बस्स, एवढंच. खाली ना घोषणा, ना सही. लोक थांबून वाचायला लागले. वाचणारे चाळीस झाले म्हणून तो जमाव, आणि जमाव झाला म्हणून ती चिथावणी! एरवी त्या फलकाकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. वाचनालयात लोक वाचायला लागले हा गुन्हा झाला, ताई!

आणि चूक कोणाची? माझी. दहा वर्षांची असताना जेवताना तिच्याकडून कलमं पाठ करून घेत होतो. एकोणचाळीस बिनचूक म्हणाली की ताटातली भाजी माफ. आता भोगतोय.

तुझ्या कचेरीत तीनदा फोन केला. तुझा तो सहायक तीनदा म्हणाला, "न्यायमूर्ती बैठकीत आहेत." म्हणून लिहितोय. घटना न्यायालयाच्या नऊ खुर्च्यांपैकी एकीवर माझी सख्खी बहीण बसते, आणि मी ठाण्यातल्या हवालदाराला "साहेब, साहेब" करतोय. काहीतरी कर.

हेही पत्र तू पाकिटाला टाचून कपाटात ठेवशील, मला माहीत आहे. जन्मभर पोस्टात पत्रं निवडणाऱ्या माणसाची तू खरी लेक. "आत माणूस वाट्टेल ते लिहील, शिक्का पाकिटावर असतो." बाबांचं हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. ठेव बाई ठेव, पण आधी वाच.

तुझा
भुंग्या


शनिवार, ८ मार्च

भुंग्या,

पत्र गुरुवारी मिळालं. दोन वेळा वाचलं. दुसऱ्या वेळी चष्मा पुसावा लागला, एवढंच सांगते.

आता नीट ऐक, मध्ये बोलू नकोस. खारूला जाड पांघरूण आणि तिची दम्याची औषधं पोचव. औषधांची पोच लेखी घे. ठाणेदाराशी हुज्जत घालू नकोस आणि त्याला घटना तर मुळीच शिकवू नकोस. वकील कर. गावात ती एक तरुण वकीलबाई आहे, भराभर बोलणारी, तिच्याकडे जा. वहिनीला एकटी ठेवू नकोस.

काल राजपत्रात वटहुकूम आला तो वाचला असशील. निवडणूक एक वर्ष पुढे, पाचाहून जास्त माणसांनी जमायचं नाही, आणि कोणालाही आरोप न ठेवता सहा महिने स्थानबद्ध करता येईल. त्याविरुद्धची प्रकरणं आमच्यासमोर येणार हे आंधळ्यालाही दिसतंय. तेव्हा खारूचा अर्ज आमच्या न्यायालयात दाखल झाला त्या क्षणापासून मला त्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. आमचा नियम आहे. प्रकरणाबद्दल न्यायाधीशाला आलेलं पत्र, मग ते आधीचं असो की नंतरचं, रजिस्ट्रारकडे जातं, आणि त्याच्या नकला दोन्ही बाजूंना मिळतात. त्यातून भाऊ, बाप, कोणी सुटत नाही.

तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. तरी लिहून ठेवते.

ताई


मंगळवार, १८ मार्च

ताई,

तू लिहू नको म्हणालीस. बरं. प्रकरणाबद्दल लिहीत नाही, नुसतं जे झालं ते सांगतो.

जिल्हा न्यायालयाने अर्ज फेटाळला. पोलिसांच्या कागदावर काय आहे माहीत आहे? "शनिवार दिनांक ८ रोजी वटहुकुमाचा भंग करताना ताब्यात घेतले." शनिवार! अरे, शनिवारी पोरगी चार दिवस आत होती! मी उभा राहून ओरडलो, "मंगळवार! ४ तारीख!" न्यायाधीश म्हणाले, पुरावा काय? वाचनालयाची हजेरीवही पोलिसांनी उचलून नेली. शिपायाला म्हटलं साक्ष दे, तर त्याची दातखीळ बसली. माझ्या मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, "सर, त्या दिवशी तुम्ही वर्ग सोडून गेलात ते मी बघितलं, पण वार आठवत नाही." आणि मी सांगितलं तर, "बाप आहात, म्हणणारच." चोर ते चोर, वर शिरजोर!

काल वकीलबाईने तुमच्याकडे अर्ज दाखल केला. आता तुम्हा नऊ जणांचा हिशेब मी मांडलाय. शिक्षकांच्या खोलीत आम्ही रोज तेच करतो. चार जण सरकारच्या ताटाखालची मांजरं. चार जण कण्याचे ताठ. राहिलीस तू. म्हणजे पाचवं मत तुझं, आणि तुझं मत मला माहीत आहे. पुराच्या वेळच्या वटहुकुमावर तू निकाल दिला होतास त्यातलं वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहितो: "सरकारने प्रत्येक हुकूम लिहून, सही करून, तारीख घालून द्यावा." मुलं विचारतात, सर, हे कोणाचं? मी छाती फुगवून सांगतो.

आणि मुद्दा सोपा आहे गं. राज्यकर्त्याला आपण किल्ली देतो ती राखायला, कुलूप बदलायला नव्हे. निवडणूक टाळणारा म्हणतो की देश संकटात आहे म्हणून टाळतो. संकट आहे हे कोण ठरवणार? तोच. संपलं कधी हे कोण ठरवणार? तोच. आठवीतल्या पोरांना कळतं हे! तुमच्या त्या सरकारी वकिलाला मात्र कळत नाही. काल टीव्हीवर गाल फुगवून बोलत होता, अगदी बेडूक.

बाकी, माझी मूळव्याध पुन्हा उसळली आहे. ठाण्याच्या त्या बाकाची कृपा. वहिनी तुझी बोलत नाही, नुसती खारूचे कपडे पुन्हा पुन्हा धुते.

तुझा
भुंग्या


शनिवार, २२ मार्च

भुंग्या,

धन्य आहेस. "प्रकरणाबद्दल लिहीत नाही" म्हणून चार पानं प्रकरणाबद्दल लिहिणारा माणूस मी तीस वर्षांच्या नोकरीत दुसरा पाहिला नाही.

तुझी दोन्ही पत्रं काल रजिस्ट्रारकडे दिली. पाकिटांसकट दिली, नियम तसाच आहे. नकला दोन्ही बाजूंना जातील, म्हणजे तुझ्या वकीलबाईला आणि सरकारी वकिलालाही. तेव्हा ते स्वतःबद्दलचं बेडूकपुराण वाचतील आणि तुझी मूळव्याधही. न्यायालयाच्या दप्तरात ती आता कायमची जमा झाली. मी रजिस्ट्रारसमोर बसले होते. तो पापभीरू माणूस पत्रावर नजर फिरवत खाली आला, मूळव्याधीपाशी थबकला आणि म्हणाला, "बाई, हेसुद्धा?" मी म्हटलं, "हेसुद्धा."

दुसरं. स्थानबद्ध मुलगी माझी भाची आहे हे मी सरन्यायाधीशांना लेखी कळवलं आहे. या प्रकरणात मी बसणार नाही. सुनावणी आठ जणांपुढे होईल.

यावर तू काय लिहिशील ते मला दिसतंय. लिहू नकोस.

ताई


मंगळवार, २५ मार्च

न्यायमूर्तीबाई,

लिहितो! कर जमा! पाकिटासकट कर!

आठ जण. चार आणि चार. समसमान पडली तर खालच्या न्यायालयाचा हुकूम कायम, हे मला शिकवू नकोस, मीच शिकवतो ते. म्हणजे तू नुसती खुर्चीवरून उठलीस आणि माझ्या पोरीचे सहा महिने पक्के केलेस. कोणाला कळलं असतं गं? तुझं आडनाव वेगळं, गाव वेगळं. त्या चार मांजरांपैकी एकाचा जावई सरकारात आहे, तो उठला का? नियम काय तो तुझ्या एकटीच्या मानगुटीवर बसलाय. घर जळत असताना तू बादलीवरचं नाव वाचत बसलीस!

काल तिला भेटलो. जाळीतून, दहा मिनिटं. वजन उतरलंय, खोकतेय. स्वतःबद्दल एक शब्द बोलली नाही. एका दालनात बारा बायका आहेत, त्यांचंच सांगत होती. एक शिवणवाली आहे. तिचा भाऊ बसचा वाहक, संपातला. तो सापडला नाही म्हणून हिला उचललं, मशीनवर अर्धा शिवलेला झगा तसाच. तिला वाचता येत नाही. खारू तिला एकोणचाळिसावं कलम शिकवतेय. कोठडीत! सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही.

निघताना म्हणाली, "बाबा, आत्यावर चिडू नका." तिच्यासमोर मी मान डोलावली. पण तुला सांगतो. तुला स्वतःचं मूल असतं ना, तर कळलं असतं.

भाऊ


बुधवार, २ एप्रिल

भुंग्या,

हे पत्रही मी जमा केलं. शेवटच्या ओळीसकट. रजिस्ट्रारने या वेळी काही विचारलं नाही, नुसता पाण्याचा पेला पुढे केला.

मला मूल नाही हे मला ठाऊक आहे, तू आठवण करून द्यायची गरज नव्हती. खारूला पहिल्यांदा दम लागला तेव्हा रात्रभर तिला उभी धरून मी बसले होते. तू परीक्षेचे पेपर तपासत होतास. असो.

प्रकरणाबद्दल बोलत नाही. पण एक गोष्ट तुझ्या डोक्यात कोणीतरी घालायला हवी. तू नऊ माणसांचा हिशेब शिक्षकांच्या खोलीत बसून करतोस, जणू आम्ही सोंगट्या आहोत. मी कसं मत दिलं असतं हे तुला कोणी सांगितलं? आपण एका घरात वाढलो म्हणून? एका घरात वाढून तू अजून बुटाची नाडी नीट बांधत नाहीस.

खारूसाठी वाफारा घ्यायचं यंत्र पाठवते आहे. पोच घे. लेखी.

ताई


शनिवार, १२ एप्रिल

ताई,

खारू घरी आली.

दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या, काय लिहावं सुचेना म्हणून. वहिनीने त्यातच चहा सांडला. आता सगळं पहिल्यापासून सांगतो.

न्यायालयाकडून आलेलं पुडकं वकीलबाईने उघडलं ते थेट सुनावणीच्या आदल्या दिवशी. मी तुला पत्रं लिहिली हे तिला सांगितलंच नव्हतं, लाज वाटत होती. फोन करून आधी मला झाडलं. "तुम्ही न्यायाधीशाला पत्रं लिहिता? नागरिकशास्त्र शिकवता आणि पत्रं लिहिता?" मी मान खाली घालून ऐकलं. मग कागद उलटल्याचा आवाज आला. म्हणाली, "सर, हे पहिलं पत्र टाकलं कधी?" म्हटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेत जाताना. म्हणाली, "ठेवा फोन." आणि ठेवलाच.

न्यायालयात बेडकाने, म्हणजे सरकारी वकिलाने, सुरुवातच माझ्या पत्राने केली. बापाने न्यायमूर्तींवर कसं दडपण आणलं ते दाखवायला माझी चार पानं मोठ्याने वाचली. मांजरं वाचली. मूळव्याध वाचली. सगळं न्यायालय हसलं, ताई. मागच्या बाकावर मी. धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. स्वतःचा बेडूक मात्र त्याने गाळला!

मग वकीलबाई उठली. म्हणाली, "माझ्या विद्वान मित्रांनी दुसरं पत्र वाचलं, मी पहिल्याचं पाकीट दाखवते." मूळ पाकीट मागवलं. शिक्का: बुधवार, ५ मार्च, सकाळी दहा. आत लिहिलंय, मंगळवार ४ मार्च, आज दुपारी पोरीला नेलं. पोलिसांचा कागद म्हणतो, शनिवार ८. वटहुकूम निघाला शुक्रवार ७. जो हुकूम निघालाच नव्हता तो मोडला कसा? पोस्टाने काय भविष्यावर शिक्का मारला? आठही जण पुढे वाकून ते पाकीट बघत होते. भिंग मागवलं. तो बेडूक पहिल्यांदाच गाल न फुगवता उभा होता.

आठ विरुद्ध शून्य. तासाभरात हुकूम निघाला.

बाबा असते तर काय म्हणाले असते ते मी तुला सांगायला नको. मी मात्र घरी येऊन तुझी जुनी पत्रं शोधली. एकाचंही पाकीट ठेवलेलं नाही.

मी तुला जे लिहिलं, त्या शेवटच्या ओळीबद्दल, ताई, माझी जीभ झडायला हवी होती. माफ कर म्हणायलाही तोंड नाही, तरी म्हणतो. आणि एक विचारतो. पाकीट तू मुद्दाम दिलंस ना?

आनंद म्हणावा तर तोही पुरता नाही. वटहुकूम खरा की खोटा, निवडणूक टाळता येते की नाही, यावर आठ जणांनी चकार शब्द काढला नाही. "तारखेवरच प्रकरण निकाली निघत असल्याने मुख्य प्रश्नात जाण्याचे कारण नाही." सरळ अंग चोरलं! पोरगी सुटली ती शिक्क्यावर, कलमावर नाही. बाकीच्या अकरा जणी आतच. खारू आल्यापासून दोन वाक्यं बोलली असेल. भिंतीवर कागद लावलाय, त्यावर अकरा जणींची नावं. शिवणवालीचं सर्वांत वर.

त्या अकरा जणींचा अर्ज वकीलबाई आता तुमच्याकडे... नाही. काही नाही. हे वाक्य मी लिहिलेलं नाही.

तुझा
भुंग्या


रविवार, ४ मे

ताई,

या पत्रात काहीही नाही. जमा करायचं तर खुशाल कर.

स्वयंपाकघरातला नळ गळतो. नळवाला आला, बघून गेला, आता जास्त गळतो. आठवीचा निकाल लागला. एकाने "घटनादुरुस्ती कोण करतो?" याला "गवंडी" असं उत्तर लिहिलंय. वहिनी बरी आहे. मूळव्याधीबद्दल लिहीत नाही, ज्याला उत्सुकता असेल त्याने न्यायालयाचं दप्तर बघावं.

खारू वाचनालयात जाते. फलक काढून टाकलाय, चार खिळे तेवढे शिल्लक आहेत. ती रोज त्या खिळ्यांखाली बसून डबा खाते. मी काही बोलत नाही. कशाबद्दलच काही बोलत नाही. मला किती कष्ट पडताहेत याची तुला कल्पना असेल.

तुझा
भुंग्या


शनिवार, २४ मे

भुंग्या,

निकाल काल वाचला गेला, म्हणून आज मोकळेपणी लिहिते. पाच विरुद्ध चार. वटहुकूम रद्द. अकरा जणी आज संध्याकाळपर्यंत बाहेर येतील. पाचवं मत माझं होतं. तू आता घरभर नाचत असशील. खाली बस. पुढचं वाच.

अकरा जणींच्या दालनात माझी भाची होती हे मी सुरुवातीलाच दोन्ही बाजूंना कळवलं होतं. कोणाची हरकत असेल तर उठते म्हटलं होतं. सरकारी वकील हसून म्हणाले, "आमची काही हरकत नाही, न्यायमूर्तींच्या निःपक्षपातीपणावर पूर्ण विश्वास आहे." का हरकत नव्हती, सांगते. त्यांनी माझा पुराचा निकाल पूर्ण वाचला होता. तू फळ्यावर अर्धंच वाक्य लिहितोस, रे. आख्खं वाक्य असं आहे: "संकटकाळी सरकारचे हात बांधणे योग्य नव्हे; मात्र सरकारने प्रत्येक हुकूम लिहून, सही करून, तारीख घालून द्यावा." पहिला अर्धा भाग तू वीस वर्षं खाऊन टाकलास. त्यांनी नाही.

म्हणजे तुझा हिशेब साफ चुकला होता. मार्चमध्ये मी उठले नसते आणि खारू माझी कोणी नसती, तर मी वटहुकुमाच्या बाजूने मत दिलं असतं. पाच-चार झालं असतं, उलटं. ती पोरगी सहा महिने आत राहिली असती आणि मी घरी येऊन शांत झोपले असते. तू मला शिव्या घातल्यास त्या उठले म्हणून. बसले असते तर कशासाठी घातल्या असत्यास?

माझा विश्वास होता, भुंग्या. तू म्हणतोस सत्ता म्हणजे मोकाट जनावर, आणि मी म्हणायचे, असेल, पण त्याला कागदाची वेसण घाला. सही असेल, तारीख असेल, तर माणूस खोटं करायला कचरतो. बाबांकडून मी हेच शिकले असं मला वाटायचं. मग तुझं दुसरं पत्र आलं: कागदावर शनिवार, आणि माझ्या कपाटात बुधवारचा शिक्का. सही होती, तारीख होती, सगळं माझ्या निकालाबरहुकूम. फक्त खोटं होतं.

पाकीट मुद्दाम दिलं का, असं विचारलंस. नियमात होतं म्हणून दिलं. नियमात नसतं तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. त्या आठवड्यात मला त्याचीच धास्ती होती.

आता शिवणवालीचे कागद. माझ्यासमोर होते, एकूण एक चोख. वटहुकुमानंतरची तारीख, सही, शिक्का, कारण. कुठे बोट ठेवायला जागा नाही. मी तीन दिवस ती फाइल चाळत बसले, खोट सापडते का बघत. आणि मग वैतागून स्वतःलाच म्हटलं, अगं, खारूचेही कागद चोखच होते, पाकीट मिळेपर्यंत. ही खोट मी शोधायची, ती सापडली तर बाई सुटणार, नाही सापडली तर राहणार, आणि याला मी वीस वर्षं कायदा म्हणत आले! खारू सुटली, कारण तिला पत्रं लिहून उच्छाद मांडणारा बाप होता आणि पाकिटं जपणारी आत्या होती. त्या अकरा जणींना यातलं काहीच नव्हतं. ज्याला आत्या नाही त्याच्यासाठी घटना लिहितात, हे तू आठवीच्या पोरांना सांगतोस. मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

निकालात मी माझं जुनं वाक्य मागे घेतलं आहे. पूर्ण, दोन्ही अर्धे भाग. तुझा फळा पुसून टाक.

रविवारी, १ तारखेला यावं म्हणते. पण आधी हे पत्र खारूला दे. "आत्यावर चिडू नका" असं ती म्हणाली होती, तेव्हा तिला हे माहीत नव्हतं. वाचून तिने नको म्हटलं तर तसं कळव. मी समजून घेईन. समजून घेणं जमलं नाही तरी येणार नाही.

ताई


बुधवार, २८ मे

आत्या,

बाबांनी पत्र दिलं. स्वतः आधी तीनदा वाचलं होतं, आणि दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत. बाबा! नळवाला घाबरून नीट काम करून गेला.

मी चिडले आहे. खूप चिडले आहे. आत असताना मी त्या सगळ्या जणींना सांगायचे की माझी आत्या तिथे बसते, ती असं चालू देणार नाही. त्या रोज मला विचारायच्या, आत्याचं काही कळलं का?

रविवारी ये. शिवणवालीही येणार आहे. आता तिला थोडं वाचता येतं, पण तुझं अक्षर फार बारीक आहे. त्यामुळे पत्रात जे लिहिलंस ते तिला तूच सांग, तिच्यासमोर बसून. मी शेजारी बसेन.

खारू

ता. क. तुझं पाकीट मी ठेवलं आहे.